नसलेल्या सोबत्यावरचा प्रबंध

ज्याच्यावर मी माझी उमेदीची वर्षं घालवली तो मुळात नव्हताच. असं म्हटलं की ऐकणाऱ्याला नवरा किंवा प्रियकर आठवतो आणि त्याचा चेहरा लगेच मऊ होतो. माझा तो तसा नव्हता. तो एका ताऱ्याचा सोबती होता, आणि तो आहे असं पुढे माझे पीएच.डी.चे गाईड झालेल्या सरांनी मी शाळेत असतानाच जगाला सांगून ठेवलं होतं.

तारा मात्र खरा आहे. खरं तर ताऱ्याचं मढं. जळून संपलेला, स्वतःच्याच वजनाने आत कोसळलेला. आकार म्हणाल तर वांद्र्यापासून दहिसरपर्यंत ठेवला तर कसाबसा मावेल, आणि वजन सूर्याहून जास्त. शेजारी एक धडधाकट मोठा तारा आहे. त्याच्या अंगावरचा वायू हे मढं ओढून घेतं, तो वायू त्याच्या दोन टोकांवर आदळतो आणि इतका तापतो की त्यातून क्ष-किरण निघतात. मढं स्वतःभोवती गरागरा फिरत असतं, म्हणून तो झोत फिरून फिरून आपल्याकडे येतो. प्रत्येक फेरीला एक ठोका. याला क्ष-किरण पल्सार म्हणतात. हे ठोके आपल्या उपग्रहांवर कधी पोचतात ते मोजायचं, एवढंच माझं काम होतं.

सरांनी तरुणपणी असं दाखवलं होतं की या ताऱ्याचे ठोके काही महिने किंचित लवकर येतात आणि काही महिने किंचित उशिरा. म्हणजे ही जोडी स्वतःच कुणाभोवती तरी हळूहळू झुलते आहे. म्हणजे तिथे तिसरा कुणीतरी आहे, जो दिसत नाही. एका झोक्याला वर्षाहून थोडा जास्त काळ लागतो, असंही त्यांनी काढलं होतं. त्या एका पेपरावर सर मोठे झाले. परदेशातली पाठ्यपुस्तकं त्यांचा दाखला देत. सरांचा तिसरा सोबती म्हणजे आमच्या संस्थेचा कुलस्वामीच होता. त्याला कुणी पाहिलेलं नव्हतं, पण त्याच्यावाचून पान हलत नव्हतं.

मी मरोळची. आजोबा सावंतवाडीहून गिरणीत आले, बाबा मरोळच्याच औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात सुपरवायझर होते, आणि मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून क्ष-किरण पल्सारवर पीएच.डी. करायला निघाले. आमच्या खानदानात या वाक्याचा शेवट कुणालाच कळत नव्हता, पण पीएच.डी. म्हणजे डॉक्टर हे सगळ्यांना ठाऊक होतं. गणपतीला गावी गेलं की आत्या विचारायची, ‘‘तू डॉक्टर कधी होतलंस गो?’’ मी म्हणायचे, पुढच्या वर्षी. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा ते मला स्वतःला खरं वाटत होतं.

संस्था आरेच्या पलीकडे, टेकडीच्या पायथ्याशी. मरोळहून बस धरायची, तबेल्यांचा वास नाकात घेत झाडीतून जायचं आणि शेवटच्या स्टॉपवर उतरून चढ चढायचा. सर मला पहिल्या दिवसापासून आवडले, हे कबूल करते. दुपारी डब्यातली काकडी स्वतःच्या हाताने कापून सगळ्यांना वाटायचे. ‘अगं’ म्हणून हाक मारायचे. आमच्या विषयातली अगदी पहिली गोष्ट त्यांनीच मला शिकवली, आणि इतकी छान शिकवली की पुढे तीच त्यांच्या अंगाशी आली.

गोष्ट साधी आहे. समोरून बस येते आहे आणि आपण तिच्या दिशेने चालत गेलो तर ती लवकर भेटते. पाठ फिरवून चालत राहिलो तर उशिरा. बस तिच्या चालीनेच येत असते. चालतो ते आपण. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, म्हणजे वर्षातले काही महिने ती ताऱ्याकडे चाललेली असते आणि काही महिने ताऱ्यापासून दूर. म्हणून ठोक्यांच्या वेळा वापरण्याआधी दुरुस्त करून घ्यायच्या. आपण फिरत्या पृथ्वीवर नसून मधोमध सूर्यापाशी ठाण मांडून बसलो आहोत असं धरून हिशोब करायचा. ही दुरुस्ती केल्याशिवाय आमच्याकडे कुणी आकड्याला हात लावत नाही.

सरांनी मला दिलेलं काम मानाचं होतं. नव्या उपग्रहाने त्याच ताऱ्याचे भरपूर ठोके टिपले होते. जुन्या आकड्यांत सोबत्याची नुसती सावली दिसली होती. नव्या आकड्यांतून त्याचं वजन, त्याचं अंतर, त्याची कक्षा, सगळं काढायचं. प्रबंधाचं शीर्षकच तसं होतं. त्यात ‘तिसरा सोबती’ हे शब्द होते, आणि ते विद्यापीठाच्या कागदावर नोंदले गेले.

नव्या आकड्यांत सोबती सापडेना.

मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, ‘‘पुन्हा बघ.’’ मी पुन्हा बघितलं. मग म्हणाले, उपग्रहाच्या घड्याळात गडबड असेल. घड्याळ तपासलं, ठणठणीत होतं. मग म्हणाले, तारा सध्या वायू जास्त गिळतो आहे, त्यामुळे त्याची गती बदलते आणि झोका झाकला जातो. तेही तपासलं. नाचता येईना अंगण वाकडं, हे तेव्हा मला नाचणाऱ्याबद्दल म्हणजे माझ्याबद्दल वाटत होतं. मीच कुठेतरी कमी पडते आहे असं वाटून मी रडकुंडीला यायचे. सर इतके मोठे, पाठ्यपुस्तकं इतकी जाड, आणि मी मरोळच्या बसमधून उतरलेली. बरोबर कोण असणार हे उघड होतं. या ‘पुन्हा बघ’मध्ये माझी चांगली दोन-तीन वर्षं गेली. नोंदणीची मुदत संपत आली, मुदतवाढ घेतली. मालाडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले. तिथे जागा होती, पण कायम व्हायचं तर पदवी हवी. म्हणजे माझ्या नोकरीचं, बाबा निवृत्त झाल्यावरच्या आमच्या घराचं आणि आत्याला दिलेल्या शब्दाचं, सगळ्याचं घोडं त्या न दिसणाऱ्या सोबत्यापाशी अडलं होतं.

मग एका रविवारी दुपारी, घरी, आई बांगडे तळत असताना मी एक वेगळीच गोष्ट केली. नव्या आकड्यांचा नाद सोडला आणि सरांचे जुने आकडे काढले. त्यांना आजवर कुणी हात लावला नव्हता. देवघरातल्या मूर्तीला कोण उलटी करून बघतं? मी तारखा खाली मांडल्या आणि झोका वर मांडला, आणि बघत बसले. ठोके सगळ्यात उशिरा येत होते ते दर वर्षी साधारण त्याच सुमारास. मधले पुष्कळ महिने निरीक्षणंच नव्हती, म्हणून सरांच्या हिशोबात झोका वर्षाहून थोडा लांबला होता. भोकं सोडून नुसते होते तेवढेच ठिपके पाहिले तर तो सरळ एक वर्षाचा होता. आपल्या वर्षाचा. इतक्या लांबच्या ताऱ्याच्या घरात आपलं कॅलेंडर कुणी नेऊन लावलं, असा प्रश्न मला पडला.

झोका ताऱ्याचा नव्हता, आपलाच होता. पृथ्वीच्या फिरण्याची जी दुरुस्ती एकदा करायची, ती दोनदा झाली होती. जुन्या आकड्यांपैकी बऱ्याच फायली परदेशातून दुरुस्त होऊनच आल्या होत्या, आणि सरांनी त्या आपल्या प्रोग्रॅममधून घालून पुन्हा दुरुस्त केल्या होत्या. सासूने आमटीत मीठ घातलं आणि सुनेने न विचारता परत घातलं, तसला प्रकार. तारा पृथ्वीच्या कक्षेच्या जवळजवळ माथ्यावर होता, म्हणजे दुरुस्ती मुळातच चिमूटभर, त्यामुळे खारटपणा फार जाणवत नव्हता; म्हणूनच तो इतकी वर्षं चव म्हणून खपला. मी एक दुरुस्ती काढून टाकली. झोका गेला. एक सरळ, निमूट रेघ उरली.

त्या क्षणी मला फक्त आनंद झाला, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. पदवी, सर, नोंदणी, काही आठवलं नाही. एवढ्या मोठ्या जगात त्या घडीला ही गोष्ट एकट्या मला माहीत होती. मी आईला मिठी मारली. तिच्या हातात झारा होता. ‘‘झाला काय गो तुझा?’’ तिने विचारलं. मी हो म्हणाले. जेवताना दुसरा बांगडा घेतला आणि मग हळूहळू लक्षात आलं की माझं काही झालेलं नव्हतं. जो नाहीच, त्याच्यावरचा प्रबंध मी लिहीत होते.

संस्थेत माझी एक मैत्रीण होती, मुलुंडची. ती तळघरातल्या प्रयोगशाळेत टोपोलॉजिकल अतिवाहक सांधे बनवायची. अतिवाहक म्हणजे ज्याच्यातून वीज काडीचाही अडथळा न होता जाते असा धातू. तसे दोन, आणि मधोमध एका चमत्कारिक पदार्थाची केसाहून कितीतरी बारीक पट्टी. तो सांधा भयंकर थंड करायचा आणि शून्य व्होल्टपाशी आलेखात एक शेंडी उभी राहते का ते पाहायचं. शेंडी आली की तिथे एक नवीनच जातीचा कण आहे असं म्हणायची तेव्हा जगभर चढाओढ लागली होती. मी तिला कॅन्टीनमध्ये गाठून सगळं सांगितलं.

‘‘यार, वाट लागली तुझी,’’ ती म्हणाली.

‘‘काय करू मी?’’

‘‘काय करू म्हणजे? गप थीसिस सबमिट कर आणि नीघ ना. म्हण, नव्या डेटात सिग्नल वीक आहे. तुझा तारा इतका लांब, कोण जाऊन बघणारे तिसरा आहे की नाही?’’

‘‘पण तो नाहीये गं.’’

‘‘मग माझी शेंडी तरी कुठे आहे? ढीगभर सांधे केले, एकाला आली. पेपरात तोच गेला. बाकीचे ड्रॉवरमध्ये झोपलेत. सगळे हेच करतात रे बाबा. तू काय स्पेशल आहेस?’’

मी स्पेशल नव्हते. मला फक्त ते लिहिता येईना. बसून पाहिलं. ‘सोबत्याचे अस्तित्व पुढील निरीक्षणांनी स्पष्ट होईल’ असं एक वाक्य लिहिलं, आणि ते वाचून मला माझीच शिसारी आली. तिला मी दोष देत नाही. तिने प्रबंध सादर केला, ती निघाली, परदेशात लागली. तिच्या क्षेत्रात पुढे बऱ्याच शेंड्या एकेक करून गळाल्या, मोठमोठ्या लोकांना छापलेलं मागे घ्यावं लागलं, पण तोवर तिची पदवी भिंतीवर लागली होती.

सरांना सांगायला गेले ती दुपारचीच वेळ होती. त्यांनी काकडीची फोड पुढे केली, मी घेतली. मग लॅपटॉप त्यांच्या टेबलावर ठेवला आणि दोन आलेख दाखवले, एक दोन दुरुस्त्यांचा, एक एकाच दुरुस्तीचा. वातावरण हलकं व्हावं म्हणून ते सासू-सुनेच्या आमटीचंही सांगितलं. सर हसले नाहीत. चष्मा काढून पुसला, परत घातला, स्क्रीन जवळ ओढला. मला वाटलं ते विचारतील, नक्की ना? आकडे परत पाहिलेस ना? चिडतील असंही वाटलं होतं.

‘‘कुणाला दाखवलंस?’’ त्यांनी विचारलं.

‘‘नाही सर, दाखवलं कुणालाच नाही.’’

‘‘चांगलं काम केलंस. फार चांगलं. आता जरा थांब. मला माझं बघू दे.’’

मी थांबले. मला थांबता येतं, हीच माझी मोठी खोड. महिन्यांमागून महिने गेले. मी विचारलं की सर म्हणत, बघतोय. मग एकदा त्यांनी मला बसवून घेतलं आणि फार मायेने समजावलं. प्रबंधाच्या शीर्षकातच तिसरा सोबती आहे. शीर्षक बदलायचं तर समितीपुढे जावं लागेल. समिती कारण विचारणार. कारण सांगायचं म्हणजे आधी त्या चुकीबद्दल काहीतरी छापून यायला हवं. ते नीट, सावकाश व्हायला हवं. तोवर तू घाई करू नकोस.

ते सावकाश होईपर्यंत माझी दुसरी मुदतवाढही संपली. त्याच सुमारास सर निवृत्त झाले. निवृत्त माणसाला नवीन नोंदणी घेता येत नाही, हे त्यांनी मला अगदी हळहळून सांगितलं. दुसरा गाईड बघ म्हणाले. मी बघितले. आमच्या विषयात आपल्याकडे माणसं किती, बोटावर मोजावीत इतकी, आणि ती सगळी एकमेकांच्या समित्यांवर. सरांची विद्यार्थिनी सरांची चूक घेऊन दारात आली म्हटल्यावर जो तो म्हणायचा, विषय छान आहे, पण माझ्याकडे जागा नाही. पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार?

तेलही गेलं, तूपही गेलं. मी मालाडला दिवसाला चार तास शिकवायचे, घरी येऊन पेपर तपासायचे आणि मनाला एकच समजूत घालायचे. पदवी नाही तर नाही, पण ती चूक मी शोधली आहे. कधीतरी ती छापून येईल तेव्हा तिथे माझं नाव असेल. माणसाला काहीतरी एक आपलं लागतं. मला दुसरं काहीही नको होतं.

पेपर आला. मैत्रिणीनेच पाठवला. लेखक एकटे सर.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. चुकलो असं कुणी म्हणत नाही. ‘सुधारित विश्लेषणानुसार’ असं म्हणायचं आणि जुनं हळूच पायाखाली सारायचं. सरांनी तसं केलं नाही. त्यांनी सरळ लिहिलं की मी चुकलो, माझा तिसरा सोबती अस्तित्वात नाही, जुने आकडे पुन्हा चाळताना ही दुहेरी दुरुस्ती माझ्या ध्यानात आली. मी तो पेपर घरी मोरीपाशी उभी राहून मोबाइलवर वाचला. दुसऱ्या पानावर आलेख होता. माझाच. अक्ष तेच, सुरुवात-शेवट तोच, जुन्या ठिपक्यांना मी दिलेला नारिंगी रंगसुद्धा तोच.

‘‘बघ, तुला बोलले होते ना,’’ मैत्रीण फोनवर म्हणाली. ‘‘सध्या आमच्या लोकांनी एवढा गोंधळ घातलाय की प्रामाणिकपणाचं जाम मार्केट आहे. तुझे सर बरोब्बर टायमाला प्रामाणिक झाले.’’

तिचं खरं ठरलं. सरांची वाहवा सुरू झाली. सोबती शोधला तेव्हा झाली नसेल एवढी तो हरवल्यावर झाली. एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत त्यांचा लेख आला, आणि त्यात सासूने आमटीत मीठ घातलं आणि सुनेने परत घातलं, हेही आलं. आलेख नेला तेव्हा राग आला होता. आमटी नेली तेव्हा मात्र मी खरोखर रडले. ती माझ्या आईच्या ओट्यापाशी सुचलेली होती.

मी सरांना विचारायचं धाडस केलं. फोनच केला. ते म्हणाले, ‘‘अगं, मी तुझंच हित पाहिलं. तुझं नाव घातलं असतं तर आयुष्यभर त्या चुकीशी तुझं नाव जोडलं गेलं असतं. चूक माझी होती. तिची जबाबदारी मी एकट्यानेच घ्यायला हवी.’’

ते वाक्य चारी बाजूंनी घासूनपुसून गुळगुळीत केलेलं होतं. चूक त्यांची होती, हे खरंच. पण ती त्यांना ठाऊक नव्हती. ती चूक आहे हे कळणं माझं होतं, आणि ते त्यांनी आपल्या चुकीबरोबर एकाच पिशवीत भरून नेलं. हे मला त्यांना सांगायचं होतं. फोन ठेवल्यावर अर्ध्या तासाने शब्द आले, पण तेव्हा समोर आई होती.

गेल्या हिवाळ्यात आमच्या प्राचार्यांनी ती रविवारची पुरवणी वाचली आणि सरांना कॉलेजच्या विज्ञान सप्ताहाला बोलावलं. विषय, ‘चूक आणि विज्ञान’. मी सरांकडे होते हे प्राचार्यांना माहीत नव्हतं. अर्धवट राहिलेल्या गोष्टी आपण कुठे सांगत बसतो? विभागात सगळ्यात कच्च्या नोकरीवर मी, म्हणून आभारप्रदर्शन माझ्याकडे आलं. घरी सांगितलं तेव्हा आई भाजी निवडत होती. ‘‘चूक तेंची, शोधलंस तू, आणि शाल तेंका?’’ ती म्हणाली. ‘‘ह्या खंयचा शास्त्र गो?’’ आणि मग म्हणाली, जाऊ नको. पण न जाऊन कसं चालेल, तासिका तत्त्वावर नकार देता येत नाही.

सभागृह भरलं होतं. सरांनी मला ओळखलं, ‘अगं, तू इथे?’ म्हणाले, खांद्यावर थोपटलं. मग ते बोलले आणि छान बोलले. मुलं एकदम गप्प होती. मीही ऐकत राहिले, इतकं ते चांगलं शिकवतात. शेवटी माझ्याच वर्गातल्या एका मुलीने उभं राहून प्रश्न विचारला. ‘‘सर, एवढ्या वर्षांनी ती चूक तुमच्या लक्षात कशी आली?’’

सर मंचावर मधल्या खुर्चीत होते, मी कडेच्या. मध्ये फक्त प्राचार्य. सरांनी पाण्याचा पेला उचलला, घोट घेतला आणि म्हणाले, ‘‘संशोधकाने स्वतःवर संशय घ्यायला शिकलं पाहिजे. एका दुपारी जुने आकडे परत तपासले, आणि लक्षात आलं.’’ टाळ्या झाल्या. शाल, श्रीफळ झालं. आणि निवेदिकेने माझं नाव पुकारलं.

कागदावर मी रीतसर लिहून आणलं होतं. प्राचार्य, पाहुणे, विभागप्रमुख, ध्वनिक्षेपकवाले, कॅन्टीनवाले. प्राचार्यांचे आभार वाचले. मग पाहुण्यांचे वाचायला गेले आणि मी कागदावरची नजर काढली.

‘‘सरांनी आत्ता सांगितलं की एका दुपारी जुने आकडे परत तपासले,’’ मी माइकवर म्हणाले. ‘‘ते मी तपासले होते. मरोळला, माझ्या घरी. तिसरा सोबती नाही हे मी सरांना त्यांच्या खोलीत नेऊन दाखवलं. आलेखही माझाच आहे. तो माझा प्रबंध होता आणि तो पूर्ण झाला नाही. सरांचे मी आभार मानते.’’

शब्द स्वच्छ होते, माइकही चालू होता. एवढी वर्षं जे म्हणायचं होतं ते मी तीनशे माणसांसमोर म्हणाले. पण आभारप्रदर्शन सुरू झालं की आपल्याकडे सभागृह उठतं. खुर्च्या सरकत होत्या, दारात मुलांची गर्दी झाली होती, मागून बटाटेवड्यांचा वास येत होता. ती प्रश्न विचारणारी मुलगी मोबाइल हातात धरून सरांसोबत फोटो काढायला मंचाच्या पायऱ्यांशी उभी होती. प्राचार्य सरांच्या कानाशी लागून पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमाचं काही सांगत होते. मी थांबले तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनी संपलं असं समजून टाळ्या वाजवल्या. मी माइकवाल्यांचे आणि कॅन्टीनवाल्यांचे आभार मानले आणि खाली बसले.

सरांनी ऐकलं होतं. प्राचार्यांकडे कान आणि माझ्याकडे डोळे, असे ते बसले होते. नंतर पाहुण्यांना वडे द्यायचं कामही माझंच होतं, म्हणून मी प्लेट घेऊन गेले. त्यांनी ती घेतली, आणि अगदी हळू, पूर्वी काकडी द्यायचे त्याच आवाजात विचारलं, ‘‘अजून राग आहे का गं?’’

‘‘कसला राग?’’ प्राचार्यांनी हसत विचारलं.

‘‘काही नाही,’’ सर म्हणाले. ‘‘माझी जुनी विद्यार्थिनी आहे. फार हुशार.’’

प्राचार्यांचा चेहरा उजळला. पदवी पूर्ण करा म्हणून ते कधीपासून माझ्या मागे लागलेच होते. ‘‘मॅडम, मग एवढे मोठे सर ओळखीचे असताना थांबलाय कशाला?’’ ते म्हणाले. ‘‘त्यांच्याकडेच पीएच.डी. करून टाका ना.’’